आर्गॉन, नायट्रोजन आणि नवेगाव बांधची धानशेती

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या तलावावरून वाहणारी हवा बाष्प काढून मोजली, तर तिच्या शंभर भागांत सुमारे ७८ भाग नायट्रोजन, २१ भाग ऑक्सिजन आणि ०.९३ भाग आर्गॉन भरतो; ज्या कार्बन डायऑक्साइडची चर्चा रोज होते, त्याचे प्रमाण या आर्गॉनच्या विसाव्या भागाइतकेही नाही. या तिघांपैकी उघडपणे काम करताना दिसतो तो एकटा ऑक्सिजन. चूल त्याच्यामुळे पेटते, नांगराचा फाळ त्याच्यामुळे गंजतो, आणि तलावातल्या माशापासून काठावरच्या सारस पक्ष्यापर्यंत सर्वांचा श्वास त्याच्यावर चालतो. उरलेले दोन वायू याच चुलीतून, याच फुप्फुसांतून जातात आणि जसे आत गेले तसेच बाहेर पडतात. म्हणून शालेय पुस्तकांत दोघांनाही निष्क्रिय म्हटले जाते, पण दोघांच्या निष्क्रियतेची कारणे वेगवेगळी आहेत. आर्गॉनच्या अणूला इतर कोणाशी जोडले जाण्यात जवळजवळ काहीच लाभ नाही. नायट्रोजनच्या अणूला मात्र जोडीदार हवाच असतो, आणि तो त्याला आधीच, दुसऱ्या नायट्रोजन अणूच्या रूपाने, इतक्या घट्टपणे मिळालेला असतो की ती जोडी सुटता सुटत नाही. हा भेद प्रयोगशाळेपुरता नाही. धानाच्या प्रत्येक बांधीत तो पिकाच्या उत्पन्नाचा प्रश्न होऊन उभा राहतो.

आर्गॉनचा शोध नायट्रोजनच्या अभ्यासातूनच लागला, ही गोष्ट या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १७८५ मध्ये इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत जादा ऑक्सिजन मिसळून तिच्यातून विजेच्या ठिणग्या पाडल्या, त्यामुळे नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होऊन बनलेली द्रव्ये अल्कलीच्या द्रावणात शोषून घेतली आणि शेवटी उरलेला ऑक्सिजनही काढून टाकला. तरीही एक छोटासा बुडबुडा मागे राहिला, जो मूळ नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून मोठा नसल्याची नोंद त्यांनी करून ठेवली. त्या बुडबुड्याकडे शंभर वर्षे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. पुढे १८९० नंतरच्या दशकात लॉर्ड रॅले वायूंची घनता अतिशय काटेकोरपणे मोजत असताना त्यांना असे आढळले, की हवेपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे वजन लिटरमागे १.२५७२ ग्रॅम भरते, तर अमोनियासारख्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनचे १.२५०५ ग्रॅम. हा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा होता आणि दुसऱ्या एखाद्या मोजणाऱ्याने तो हातचा दोष म्हणून सोडून दिला असता, परंतु रॅले यांनी तो सोडला नाही. विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियम धातूवरून पुन्हा पुन्हा नेऊन त्याचे मॅग्नेशियम नायट्राइड होऊ दिले, आणि मागे जो वायू राहिला तो कशाशीच संयोग पावेना. १८९४ मध्ये जाहीर झालेला हा वायू म्हणजेच आर्गॉन. त्याचा नमुना रॅम्झी यांनी पॅरिसला आंरी म्वासाँ यांच्याकडे पाठवला, कारण सर्व मूलद्रव्यांत सर्वाधिक आक्रमक असा फ्लुओरीन वायू त्यांनीच प्रथम वेगळा केला होता. पण फ्लुओरीनसमोरही आर्गॉन तसाच राहिला.

या प्रयोगातील एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे, तो असा की मॅग्नेशियमने नायट्रोजन घेतला आणि आर्गॉन घेतला नाही. म्हणजे नायट्रोजनची निष्क्रियता पुरेशी उष्णता आणि योग्य धातू मिळाल्यावर मोडली, तर आर्गॉनची मोडली नाही, आणि दोघे एकाच नळीत असताना त्यांच्या स्वभावातला फरक वजनकाट्यावर दिसून आला.

आर्गॉनच्या भावंडांपैकी हेलियमचा इतिहास हिंदुस्थानशी आणि पुढे महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पश्चिम किनाऱ्याकडून मछलीपट्टणकडे गेला होता. गुंटूर येथे फ्रान्सचे ज्यूल जानसेन, मछलीपट्टण येथे मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल अशा निरीक्षकांनी सूर्याच्या कडेवरील ज्वाळांचा प्रकाश वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे त्याच्या रंगरेषांत पृथक्करण करणाऱ्या उपकरणातून, पाहिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच या ज्वाळांचा वेध घेतला आणि त्यांच्या वर्णपटातील एक पिवळी रेषा सोडियमच्या सुपरिचित रेषांशी जुळत नसल्याचे ओळखून ती एका अज्ञात मूलद्रव्याची असल्याचे प्रतिपादले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरचे ‘साहेबाचे कट्टे’ दाखवून हेलियमचा शोध तेथेच लागला असे कोकणात अभिमानाने सांगितले जाते, परंतु १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि विजयदुर्गला त्यांची तुकडी आली ती २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, ज्या ग्रहणाचा वेध पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला यांनी जेऊर येथून घेतला. त्यामुळे विजयदुर्गचे मोल कमी होत नाही. रॅम्झी यांना १८९५ मध्ये क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून हेलियम पृथ्वीवर मिळाला होता, आणि १८९८ च्या उन्हाळ्यात त्यांनी मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासह क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन द्रवरूप हवेतून वेगळे केले. म्हणजे विजयदुर्गला लॉकियर यांनी सूर्याकडे दुर्बीण रोखली त्याच वर्षी मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत राजवायूंचा, म्हणजे आर्गॉनसारख्या उदासीन वायूंचा, एक संपूर्ण नवा स्तंभ भरला जात होता.

हेलियम सूर्यावर आधी दिसला आणि पृथ्वीवर सत्तावीस वर्षांनी सापडला, याचे कारणही त्याच्या उदासीनतेतच आहे. ऑक्सिजनसारखे मूलद्रव्य खडकांतल्या धातूंशी बांधले जाऊन पृथ्वीवर टिकते. हेलियम कशाशीच बांधला जात नाही, शिवाय तो इतका हलका असतो की वातावरणातून निसटून अवकाशात जातो. आर्गॉनही बांधला जात नाही, पण त्याचा अणू हेलियमच्या दहापट जड असल्यामुळे तो निसटू शकत नाही आणि साठत राहतो.

तो साठतो कोठून, याचे उत्तर गोंदिया जिल्ह्यातच पायाखाली आहे. याच जिल्ह्यातील आमगावच्या नावाने ओळखला जाणारा ‘आमगाव नाइस’ हा खडकसमूह सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या अतिप्राचीन काळातला असून त्याच्यातील फेल्डस्पार आणि अभ्रक या खनिजांत पोटॅशियम मोठ्या प्रमाणात असते. पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत साधारण एक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचा असतो, तो १२५ कोटी वर्षांत निम्मा होतो, आणि विघटन पावणाऱ्या अशा प्रत्येक शंभर अणूंपैकी सुमारे अकरा अणूंच्या केंद्रातील एक प्रोटॉन न्यूट्रॉनमध्ये बदलून त्यांचे आर्गॉन होते. वातावरणातील जवळजवळ सगळा आर्गॉन जगभरच्या अशा खडकांतून या मार्गाने आलेला आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने या घटनेत विलक्षण असे काही घडते: १९ प्रोटॉनांचा पोटॅशियम हा पाण्यात टाकताच पेट घेणारा, सर्वांत क्रियाशील धातूंपैकी एक, आणि १८ प्रोटॉनांचा आर्गॉन हा सर्वांत उदासीन वायूंपैकी एक, असे असताना दोघांमध्ये अंतर आहे ते केवळ एका प्रोटॉनचे. स्फटिकात ऑक्सिजनच्या अणूंशी विद्युत आकर्षणाने घट्ट धरलेला पोटॅशियम ज्या क्षणी आर्गॉन होतो, त्या क्षणी त्याचे सर्व रासायनिक संबंध संपतात; त्यापुढे तो केवळ जागा नाही म्हणून स्फटिकात अडकून पडतो. खडकाचा नमुना तापवून असा अडकलेला आर्गॉन बाहेर काढला आणि उरलेल्या पोटॅशियमशी त्याचे प्रमाण ताडून पाहिले, की खडकाचे वय कळते, आणि ही पद्धत विश्वासार्ह ठरते ती मुख्यतः आर्गॉन कोणत्याही खनिजाशी संयोग पावून हिशेब बिघडवत नाही म्हणून.

एका प्रोटॉनने एवढा फरक का पडावा, याचा उलगडा १९१६ मध्ये जर्मनीत वाल्थर कोसेल आणि अमेरिकेत गिल्बर्ट ल्यूइस यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या विचारातून सुरू झाला. अणूतील इलेक्ट्रॉन केंद्राभोवती टप्प्याटप्प्याने, कवचांत, वसलेले असतात आणि दोन अणूंचा संयोग म्हणजे बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची देवघेव किंवा भागीदारी असते. आर्गॉनचे १८ इलेक्ट्रॉन २, ८, ८ असे बसतात. त्यातला एखादा इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा, तर त्याच कवचातील इतर इलेक्ट्रॉन केंद्राचे आकर्षण फारसे अडवू शकत नसल्याने त्याच्यावर केंद्राची पकड मजबूत असते, आणि त्यासाठी १५.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन मात्र चौथ्या कवचात, दूर आणि आतल्या १८ इलेक्ट्रॉनांच्या आडोशाला एकटा असतो, म्हणून तो ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्येच सुटतो. उलट बाजूने आर्गॉनला एक इलेक्ट्रॉन द्यायचा म्हटला, तर त्याला त्याच दूरच्या चौथ्या कवचात बसावे लागते, जिथपर्यंत केंद्राची ओढ पोचतच नाही. द्यायला फार महाग आणि घ्यायला जागा नाही, अशा दुहेरी कारणाने आर्गॉन मोकळा राहतो. ‘आठ इलेक्ट्रॉन पूर्ण झाले की अणू स्थिर होतो’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य उपयुक्त असले तरी ते आठ या आकड्याला जणू स्वतःची शक्ती असल्याचा समज करून देते. खरी गोष्ट ऊर्जेच्या जमाखर्चाची आहे.

आणि जमाखर्च असल्यामुळेच तो बदलू शकतो. राजवायूंत खाली जावे तसा अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवरची पकड सैल होते: हेलियमसाठी २४.६, आर्गॉनसाठी १५.८, तर झेनॉनसाठी १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात नील बार्टलेट यांनी पाहिले, की प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हे द्रव्य ऑक्सिजनच्या रेणूचाही इलेक्ट्रॉन ओढून घेते, आणि ऑक्सिजनच्या रेणूला त्यासाठी लागणारी ऊर्जा झेनॉनच्या ऊर्जेइतकीच आहे. १९६२ च्या मार्च महिन्यात त्यांनी हे द्रव्य झेनॉनशी मिसळले आणि सामान्य तापमानाला पिवळसर-नारिंगी घन पदार्थ तयार झाला. साठ-पासष्ट वर्षे जे अशक्य मानले गेले होते ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याने शक्य झाले, आणि त्यानंतर झेनॉनच्या फ्लुओरीन व ऑक्सिजनबरोबरच्या संयुगांची रीघ लागली. आर्गॉनचे एक संयुग २००० साली हेलसिंकीच्या संशोधकांनी केवळ शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपासच्या थंडीत बनवले, ते थोडे तापताच विस्कटते. वेल्डिंगच्या दुकानात ‘आर्गन वेल्डिंग’साठी जो वायू लागतो, तो तापलेल्या धातूला हवेपासून दूर ठेवायला आजही पूर्ण भरवशाचा आहे.

धातूंतही उदासीनतेचे उदाहरण वैनगंगेच्या खोऱ्यात आहे. येथील नद्यानाल्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण वेगळे करणारा सोनझारी समाज या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे, आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात त्याची नोंद आहे. थाळ्यात वाळू हलवून पाण्याने हलके कण वाहू द्यायचे आणि पाण्याच्या एकोणीसपट जड सोने तळाशी राहू द्यायचे, ही कष्टाची कला. सोने वजनाने वेगळे निघते, पण ते आधी धातूच्या रूपात वाळूत असावे लागते, आणि ते तसे असते ते त्याच्या रासायनिक स्वभावामुळे. लोखंड त्याच खडकांतून सुटले तर काही पावसाळ्यांत त्याचा गंज होतो. सोन्याच्या बाहेरच्या कवचात पोटॅशियमप्रमाणे एकच इलेक्ट्रॉन असतो, तरीही तो काढायला ९.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. याचे कारण सोन्याच्या केंद्रातील ७९ प्रोटॉन. एवढ्या प्रबळ ओढीत सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात, तेथे आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादाचे परिणाम दिसू लागतात आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनाचे क्षेत्रही आत आकसून त्याची पकड वाढते. त्यात सोन्याचे अणू एकमेकांना चांगलेच घट्ट धरतात. परिणामी ऑक्सिजनशी जोडले जाऊन सोन्याला मिळते फार थोडे, आणि सोन्याचा ऑक्साइड तापवला की पुन्हा सोने व ऑक्सिजन वेगळे होतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, म्हणजे अम्लराजात, सोने विरघळते, कारण तेथे एक आम्ल इलेक्ट्रॉन काढते आणि दुसऱ्यातले क्लोराइड आयन सुटलेल्या सोन्याला लगेच वेढून घेतात. एकट्या आम्लाला ते साधत नाही.

आता नायट्रोजनकडे यायचे, तर आर्गॉन आणि सोने यांना लावलेली मोजपट्टी येथे अपुरी पडते. नायट्रोजनचा सुटा अणू अजिबात उदासीन नाही. त्याच्या बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन असतात, तीन जागा मोकळ्या असतात, आणि विद्युत्‌-विसर्जनाने सुटे केलेले नायट्रोजनचे अणू पाऱ्यासारख्या पदार्थांशीही क्रिया करतात. परंतु निसर्गात तो सुटा सापडत नाही. दोन नायट्रोजन अणू प्रत्येकी तीन इलेक्ट्रॉन भागीत घालून तिहेरी बंधाने जोडले जातात, आणि हे अणू लहान असल्यामुळे एकमेकांच्या अगदी जवळ येऊन तिन्ही बंध बळकट होतात. हा बंध तोडायला मोलमागे, म्हणजे २८ ग्रॅम वायूमागे, ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते. ऑक्सिजनच्या रेणूचा दुहेरी बंध ४९८ किलोज्यूलमध्ये तुटतो. शिवाय दोन्ही टोके सारखीच असल्याने रेणूच्या कोणत्याही बाजूला धन किंवा ऋण भाराचा कल नसतो, ज्याला दुसरे द्रव्य पकडू शकेल. या रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढायला १५.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे जवळजवळ आर्गॉनइतकेच. पाच इलेक्ट्रॉनांचे दोन गरजू अणू एकत्र येऊन राजवायूसारखा रेणू तयार करतात, हे रसायनशास्त्रातील अत्यंत आश्चर्याचे प्रकरण आहे. आवर्तसारणीत नायट्रोजनच्या लगेच खाली असलेला फॉस्फरस हे करू शकत नाही, कारण त्याचे अणू मोठे असून त्यांना असा तिहेरी बंध पेलत नाही. म्हणून पांढरा फॉस्फरस हवेत आपोआप पेटतो आणि नायट्रोजन त्याच हवेचा मुख्य घटक असतो.

आर्गॉनशी असलेला खरा फरक पुढे आहे. एक भाग नायट्रोजन आणि तीन भाग हायड्रोजन मिळून अमोनिया बनला, तर सामान्य तापमानाला ऊर्जा खर्च होत नाही, उलट बाहेर पडते. म्हणजे ही क्रिया उताराची आहे आणि हिशेबाने ती व्हायला हवी. ती होत नाही, कारण तिच्या वाटेत जुना बंध सैल करण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा अडथळा आहे. नवेगावचा तलावही याच स्थितीत उभा आहे: अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी टेकड्यांच्या मधली वाट अडवून बांधलेल्या पारीमागे पाणी साठले आहे, खाली शेतांकडे उतार आहे, पाण्याला जायचेही आहे, पण पार मध्ये आहे, आणि पार न फोडता पाणी खाली न्यायचे तर तिच्यातून पाणी सोडणारे तुडूम उघडावे लागते. रसायनशास्त्रात हे काम उत्प्रेरक करतो, म्हणजे असा पदार्थ जो क्रियेला कमी उंचीची वेगळी वाट देतो आणि स्वतः शेवटी होता तसाच राहतो. आर्गॉनच्या बाबतीत पलीकडे उतारच नसतो, त्यामुळे कितीही चांगला उत्प्रेरक आणला तरी उपयोग नाही. नायट्रोजनच्या बाबतीत सगळा प्रश्न तुडूम सापडण्याचा आहे.

धानाच्या शेतकऱ्यासाठी हा प्रश्न किती मोठा आहे, हे साध्या गुणाकाराने दिसते. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टन हवा उभी असते आणि तिच्यात पावणेआठ टनांच्या आसपास नायट्रोजन असतो. म्हणजे एका एकराच्या बांधीवर तो सुमारे ३१ हजार टन भरतो. त्याच एकराला धानाच्या हंगामात शिफारशीप्रमाणे साधारण ४० किलो नत्र, म्हणजे ४५ किलोच्या दोन गोण्या युरिया, लागतो. गरजेच्या पावणेआठ लाखांहून अधिक पट साठा डोक्यावर असून धानाचे रोप त्यातला एक कणही थेट घेऊ शकत नाही, कारण त्याच्या मुळांना अमोनियम किंवा नायट्रेट या रूपातलेच नत्र चालते.

नायट्रोजनचा हा तिहेरी बंध मोडण्याचे तीन मार्ग या प्रदेशाला लाभले आहेत. पहिला आकाशातला: विजेच्या वाटेवर तापमान वीस-तीस हजार अंशांपर्यंत जाते, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो आणि पावसाबरोबर थोडे नायट्रेट जमिनीत येते, कॅव्हेंडिश यांच्या नळीत घडले तेच हे, पण पिकाच्या मानाने प्रमाण अल्प. दुसरा कारखान्यातला. फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये कार्ल्सरुहे येथे उच्च दाबाखाली अमोनिया थेंबथेंब तयार करून दाखवला, कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्याच्या मापात आणली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. लोखंडाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू बसतो, लोखंड त्याला आपले इलेक्ट्रॉन देऊन तिहेरी बंध सैल करते आणि अणू सुटे होतात. तरीही त्यासाठी ४०० ते ५०० अंश तापमान आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब लागतो. रायगड जिल्ह्यातील थळ येथील खत कारखान्यात नैसर्गिक वायूपासून मिळवलेला हायड्रोजन याच मार्गाने अमोनियात आणि पुढे युरियात जातो.

तिसरा मार्ग बांधीतल्या पाण्यातच आहे आणि तो सर्वांत थक्क करणारा आहे. रोवणीनंतर साचलेल्या पाण्यात जे हिरवे-निळसर शेवाळ धरते, त्यातील नॉस्टॉक आणि ॲनाबीना यांसारखे जिवाणू सामान्य तापमानाला आणि सामान्य दाबाखाली नायट्रोजनचा अमोनिया करतात. पाणथळ भातखाचरांच्या सुपीकतेमागे या नील-हरित शेवाळाचा हात आहे, हे ढाक्याच्या पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. या जिवाणूंच्या पेशींत नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे जैविक उत्प्रेरक, असते, आणि त्याच्या गाभ्यात लोखंडाचे सात अणू, मॉलिब्डेनमचा एक, गंधकाचे नऊ आणि मध्यभागी कार्बनचा एक अणू अशी रचना असते. येथेही लोखंड आहेच, पण येथे उष्णतेऐवजी पेशी आपले इंधन खर्च करते. नायट्रोजनच्या एका रेणूमागे पेशीच्या ऊर्जेचे चलन असलेले एटीपीचे किमान सोळा रेणू खपतात. हे विकर ऑक्सिजनच्या संपर्काने नष्ट होते, म्हणून ॲनाबीनाच्या साखळीत दर काही पेशींनंतर जाड भिंतीची, ऑक्सिजन आत न येऊ देणारी एक खास पेशी तयार होते आणि ती नायट्रोजनचेच काम करते. पाण्यावर तरंगणाऱ्या ॲझोला या छोट्या नेच्याच्या पानांत हाच ॲनाबीना वस्तीला असतो, म्हणून ॲझोला बांधीत सोडून नंतर चिखलात गाडला की तो हिरवळीच्या खतासारखा उपयोगी पडतो. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील उतेरा पद्धतीमागेही हेच रसायन आहे: धान कापणीला येण्याआधी उभ्या पिकातच ओल्या जमिनीवर लाखोळी फेकून पेरतात, आणि त्या कडधान्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे रायझोबियम जिवाणू नायट्रोजिनेजच्याच साहाय्याने हवेतले नत्र बांधतात. लाखोळीच्या दाण्यातील, अति खाण्याने पायांतले बळ घालवणाऱ्या द्रव्यामुळे तिच्या विक्रीवर महाराष्ट्रात अनेक वर्षे बंदी होती, तरी जमिनीच्या अंगाने पाहता पूर्वजांनी निवडलेले हे पीक अचूक होते.

परंतु बांधलेले नत्र बांधलेलेच राहील याची खात्री नसते, आणि येथे तिहेरी बंधाची ताकद दुसऱ्या बाजूने जाणवते. पाणी साचलेल्या बांधीत मातीचा वरचा काही मिलिमीटरांचा थर पाण्यातून ऑक्सिजन मिळवतो, त्याखालचा चिखल मात्र ऑक्सिजनविरहित असतो. वरून फोकलेल्या युरियापासून बनलेले अमोनियम या पातळ थरात जिवाणूंच्या हातून नायट्रेट होते. नायट्रेट पाण्याबरोबर खाली झिरपले, की तेथील जिवाणू ऑक्सिजन मिळत नसल्याने नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात, आणि उरलेले नायट्रोजन अणू पुन्हा जोडीने तिहेरी बंधात बंद होऊन बुडबुड्यांच्या रूपाने हवेत परत जातात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊनही निसटतो, जो उष्णता धरून ठेवणारा प्रबळ वायू आहे. थळच्या कारखान्यात शेकडो अंशांची उष्णता खर्चून जे फोडले, ते चिखलातील जिवाणू कोणत्याही भट्टीशिवाय पुन्हा सांधतात, कारण ऑक्सिजनविरहित चिखलात नायट्रेटसाठी नायट्रोजनचा रेणू बनणे हा उतारच आहे.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीचे एक सूत्र नेमके या वाटेवर आडवे येते. त्यात युरिया आणि डीएपी यांच्या दाबून बनवलेल्या सुमारे २.७ ग्रॅमच्या ब्रिकेट, म्हणजे गोळ्या, चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचल्या जातात. त्या खोलीवर ऑक्सिजन नसल्यामुळे अमोनियमचे नायट्रेट होत नाही, नायट्रेट नाही म्हणून त्यापासून नायट्रोजन वायूही बनत नाही, आणि धन भाराचे अमोनियम ऋण भाराच्या मातीच्या कणांना धरून राहून मुळांना हळूहळू मिळत जाते. नायट्रेट होण्याचा वेग कमी करणारे निंबोळी तेलाचे आवरण हेही त्याच साखळीची तीच कडी धरून ठेवते, आणि २०१५ पासून देशात बनणाऱ्या सर्व युरियाला ते आवरण दिले जाते. मात्र आवरण असलेला युरियाही पाण्यावर फोकला तर काही भाग अमोनिया वायू होऊन वरच्या वर उडतो, म्हणून बांधीतले पाणी कमी करून, चिखलात मिसळेल अशा रीतीने आणि हप्त्याहप्त्याने तो देणे रोपाच्या दृष्टीने अधिक हिताचे ठरते.